सन टीव्ही : तारेवरचे साम्राज्य

३० जून २००१ च्या पहाटे चेन्नई पोलिसांनी तमिळनाडूचे माजी मुख्यमंत्री एम. करुणानिधी यांना त्यांच्या राहत्या घरातून अटक केली. उड्डाणपुलांच्या बांधकामातील कथित गैरव्यवहाराचे ते प्रकरण होते आणि जयललिता पुन्हा सत्तेवर येऊन तेव्हा जेमतेम दीड महिना झाला होता. दहा वर्षांपूर्वी हेच घडले असते, तर दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रातील बातमी आणि एखादे छायाचित्र यापलीकडे लोकांना काही कळले नसते. त्या पहाटे मात्र तेथे सन टीव्हीचा कॅमेरा होता. सत्तरी केव्हाच ओलांडलेल्या नेत्याला पोलीस ओढून नेत आहेत, केंद्रीय मंत्री असलेल्या मुरसोली मारन यांची पोलिसांशी झटापट होत आहे, ही दृश्ये दिवसभर पुन्हा पुन्हा दाखवली गेली. राष्ट्रीय वाहिन्यांनीही तीच घेतली. दिल्लीत खळबळ उडाली आणि राज्यपाल फातिमा बीवी यांना पद सोडावे लागले. जयललितांच्या बाजूची जया टीव्ही याच घटनेचे वेगळे चित्र दाखवत होती. पण देशाच्या डोळ्यांपुढे राहिले ते सन टीव्हीचेच.

मुरसोली मारन हे करुणानिधींचे भाचे आणि सन टीव्हीचे मालक कलानिधी मारन हे मुरसोली मारन यांचे थोरले चिरंजीव. म्हणजे बातमी ज्यांच्याविषयी होती आणि बातमी जे दाखवत होते, ते एकाच घरातले. प्रादेशिक भाषेतील खासगी दूरचित्रवाणीचा भारतातील सर्वात यशस्वी प्रयोग कोणता, असे विचारले तर सन टीव्हीचे नाव टाळता येत नाही. परंतु या यशाचे श्रेय केवळ कार्यक्रमांना किंवा केवळ राजकारणाला देणे, दोन्ही अपुरे आहे. पडद्यावर काय दिसावे हे ठरवणारा आणि तो पडदा ज्या तारेने घराशी जोडलेला असतो त्या तारेचा ताबा असणारा, हे दोघेही एकच असणे, हे या वाढीचे खरे रहस्य आहे.

या कथेची सुरुवात दूरदर्शनपासून करावी लागते. मद्रास केंद्र १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले. १९८२ मध्ये दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम प्रसारित होऊ लागला आणि रात्रीचा महत्त्वाचा वेळ हिंदीकडे गेला. मुंबई-पुण्याच्या घरांत 'हम लोग' आणि 'बुनियाद' कौतुकाने पाहिल्या गेल्या. हिंदी आपल्याकडे परकी वाटत नाही. तमिळनाडूत मात्र १९६५ च्या हिंदीविरोधी आंदोलनाची आठवण ताजी होती. हिंदी न समजणाऱ्या घरांत रात्रीचा संच ही एक बोलकी पण अनोळखी वस्तू होऊन बसे. आठवडाभर ज्याची वाट पाहावी असे काय होते? शुक्रवारी रात्री चित्रपटगीतांचा 'ओळियुम ओलियुम' (प्रकाश आणि नाद), रविवारी एखादा तमिळ चित्रपट. एवढ्या मोठ्या, चित्रपटवेड्या भाषिक समाजाला आठवड्यातून मोजके तास स्वतःच्या भाषेत मिळत. बाजारपेठ आयती तयार होती, माल तेवढा नव्हता.

अमेरिकेतील स्क्रँटन विद्यापीठातून व्यवस्थापनशास्त्र शिकून आलेल्या कलानिधी मारन यांना ही पोकळी दिसली. पहिला प्रयत्न दूरचित्रवाणीचा नव्हताच. १९९० मध्ये त्यांनी 'पूमालै', म्हणजे फुलांची माळ, या नावाने व्हिडिओ कॅसेटवरचे तमिळ वृत्तमासिक काढले. इंग्रजीत 'न्यूजट्रॅक'ने हा प्रकार रूढ केला होता. सरकारी बातम्यांना पर्याय हवा, पण हवेतून प्रक्षेपण करण्याचा अधिकार फक्त सरकारला, त्यामुळे बातमी कॅसेटमध्ये भरून व्हिडिओ लायब्ररीमार्फत घरी पोहोचवायची, ही त्यामागची युक्ती. ती फार काळ चालली नाही. चोरट्या प्रतींनी धंदा खाल्ला. पण त्यातून एक प्रशिक्षित चमू उभा राहिला आणि बातमीला तमिळ प्रेक्षक आहे याची खात्री पटली.

दरम्यान १९९१ च्या आखाती युद्धाने आणि पाठोपाठ आलेल्या स्टारने भारतीय गच्च्यांवर डिश बसवल्या होत्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली. १४ एप्रिल १९९३ रोजी, तमिळ नववर्षाच्या दिवशी, सन टीव्हीचे प्रसारण सुरू झाले; तेही स्वतंत्र वाहिनी म्हणून नव्हे, तर एटीएन या वाहिनीच्या वेळेतले काही तास भाड्याने घेऊन. भारताच्या भूमीवरून उपग्रहाकडे खासगी प्रक्षेपण करण्याची मुभा तेव्हा नव्हती. १८८५ चा तार कायदा आडवा येत होता. त्यामुळे त्या काळातील सर्वच खासगी वाहिन्यांप्रमाणे कार्यक्रमांच्या टेप परदेशी पाठवायच्या, तेथून ते उपग्रहावर चढवायचे आणि तमिळनाडूत उतरवून घ्यायचे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. त्याच वर्षी केरळात एशियानेट सुरू झाली. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्वाळा दिला. देशातून प्रक्षेपण करण्याची वाट खासगी कंपन्यांसाठी खुली व्हायला त्यानंतरही काही वर्षे गेली.

नव्या वाहिनीला पहिल्या दिवसापासून हवा असतो तो खाद्यसाठा. सन टीव्हीने तो तमिळ चित्रपटांतून उभा केला. चित्रपटाचे उपग्रह प्रक्षेपणाचे हक्क म्हणजे नेमके काय आणि त्यांचे मोल किती, हे १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बहुतेक निर्मात्यांना ठाऊक नव्हते. चित्रपटगृहातून उतरलेला चित्रपट त्यांच्या दृष्टीने संपलेला होता. त्यासाठी कोणी चार पैसे देत असेल तर ते वरकमाईसारखे वाटत. सन टीव्हीने हे हक्क मोठ्या प्रमाणावर, दीर्घ मुदतीसाठी आणि अनेकदा कायमचे विकत घेतले. पुढे प्रतिस्पर्धी आले तेव्हा त्यांच्या लक्षात आले, की एमजीआर-शिवाजी गणेशन यांच्यापासून रजनीकांत-कमल हासनपर्यंतचा तमिळ चित्रपटांचा मोठा साठा दुसऱ्याच्या कोठारात जाऊन पडला आहे. याच साठ्याच्या जोरावर २००१ मध्ये चित्रपटांना वाहिलेली केटीव्ही ही स्वतंत्र वाहिनी निघाली.

दुसरे साधन मालिकांचे. त्यातील हिशेब मुळातून समजून घेण्यासारखा आहे, कारण सन टीव्हीच्या डोळे दिपवणाऱ्या नफ्याचा उगम तेथे आहे. सर्वसाधारण पद्धतीत वाहिनी निर्मात्याला प्रत्येक भागासाठी पैसे देते, मालिका स्वतःची करून घेते आणि जाहिराती स्वतः विकते. मालिका पडली तर नुकसान वाहिनीचे. सन टीव्हीने बहुतांशी उलटा मार्ग धरला. अर्ध्या तासाची वेळ निर्मात्याला भाड्याने द्यायची. निर्मात्याने वाहिनीला ठरलेले भाडे भरायचे, मालिकेचा सारा खर्च स्वतः करायचा आणि त्या वेळेतील जाहिरातींची जी काही मिनिटे त्याच्या वाट्याला येतील, ती विकून खर्च नि नफा काढायचा. मंडईतील गाळ्यासारखा हा व्यवहार आहे. गाळा मालकाचा, भाजी विक्रेत्याची. भाजी सडली तरी मालकाचे भाडे चुकत नाही. असा सौदा निर्माते स्वीकारतात, ते गाळा मोक्याच्या जागी असतो म्हणून. आणि सन टीव्हीचा गाळा अगदी मंडईच्या तोंडाशी होता.

निर्मातेही त्यात बुडाले असे नव्हे. अभिनेत्री राधिका यांच्या 'चित्ती' (मावशी) या मालिकेने १९९९ पासून तमिळ घरांची संध्याकाळ ताब्यात घेतली आणि त्यांची निर्मितीसंस्था मोठी झाली. पाठोपाठ 'मेट्टी ओली' म्हणजे जोडव्यांचा नाद आणि 'कोलंगल' म्हणजे रांगोळ्या या मालिका आल्या. 'कोलंगल' २००३ ते २००९ अशी सहा वर्षे चालली आणि तिचे दीड हजारांहून अधिक भाग झाले. नावांवरूनच प्रेक्षकवर्ग कळावा. मावशी, जोडवी, रांगोळी! मराठी मालिकांची नावे पुढे ज्या वळणाने गेली, ते वळण तमिळ वाहिन्यांनी आधीच घेतले होते.

मात्र चित्रपट आणि मालिका या दोन्ही गोष्टी पैसे असलेला दुसरा कोणीही उभ्या करू शकला असता. राज टीव्ही होती, विजय टीव्ही होती, १९९९ पासून जया टीव्ही होती. या साऱ्यांना जे सहजी जमले नाही, ते तिसरे साधन म्हणजे केबल. समूहाची सुमंगली केबल व्हिजन ही कंपनी चेन्नईत आणि पुढे राज्यातील अन्य शहरांत घाऊक पुरवठादार झाली. गल्लीतला केबलवाला स्वतः मोठी डिश यंत्रणा चालवण्याऐवजी अशा घाऊक पुरवठादाराकडून, ज्याला व्यवसायात एमएसओ म्हणतात, सर्व वाहिन्यांचा एकत्रित संकेत घेतो आणि घरोघरी पोहोचवतो. घाऊक पुरवठादाराने हात आखडता घेतला, तर केबलवाल्याचे ग्राहक दुसऱ्या दिवशी दारात उभे राहतात. नाक दाबले की तोंड उघडते, त्यातला हा प्रकार.

त्यातून ती केबल जुन्या, ॲनालॉग पद्धतीची. तारेतून किती वाहिन्या जाऊ शकतील याला मर्यादा होती आणि सगळ्या जागा सारख्या नव्हत्या. सुरुवातीच्या मोजक्या क्रमांकांवरील वाहिन्या कोणत्याही संचावर स्वच्छ दिसत. पुढच्या क्रमांकांवर जुन्या संचांत पडद्यावर मुंग्याच अधिक. प्रतिस्पर्धी वाहिनीला बंद करण्याचीही गरज नव्हती. तिची जागा बदलली, दर महिन्याला क्रमांक हलवला, की तिचा प्रेक्षक आपोआप गळतो. आणि प्रेक्षक गळाला की जाहिरात गळते. तांत्रिक अडचण आणि हेतुपुरस्सर अडवणूक यांतला फरक बाहेरच्या माणसाला कधी सिद्ध करता येत नाही. असे आरोप सुमंगलीवर वर्षानुवर्षे झाले. १९९५ च्या केबल कायद्याने केबलवाल्यांवर दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवण्याचे बंधन घातले होते, खासगी वाहिन्यांना असे संरक्षण नव्हते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २००४ मध्ये वाहिन्यांनी सर्व वितरकांना भेदभाव न करता संकेत द्यावेत असा नियम केला. तो वाहिनीने केबलवाल्याला अडवू नये यासाठी होता. केबलवाल्याने वाहिनीला अडवले तर काय, हा प्रश्न तसाच राहिला.

सप्टेंबर २००३ मध्ये चेन्नई हे सशर्त प्रवेश प्रणाली, अर्थात 'कॅस', प्रत्यक्षात आणणारे देशातील एकमेव महानगर ठरले. सशुल्क वाहिन्या हव्या असतील तर पेटी विकत घ्या, नाहीतर मोफत वाहिन्यांवर समाधान माना, असा तो पर्याय होता. मुंबई-दिल्लीत यावरून राजकीय पक्षांनी एवढा गदारोळ केला की सरकारने माघार घेतली. चेन्नईत पेटीकडे बहुसंख्य घरांनी पाठ फिरवली. मोफत दिसणाऱ्या तमिळ वाहिन्यांवर त्यांचे भागत होते. हिंदी आणि इंग्रजीवाचून अडत नाही, हे त्या शहराने जणू आकडेमोड करून दाखवले.

सत्तेशी असलेल्या नात्याचे वेगळे वर्णन करण्याची गरज नाही. उगवता सूर्य हे द्रमुकचे निवडणूक चिन्ह आणि वाहिनीचे नाव 'सन'. कार्यालय अनेक वर्षे द्रमुकच्या मुख्यालयात, अण्णा अरिवालयममध्ये. करुणानिधींच्या पत्नीची कंपनीत २० टक्के भागीदारी होती, ती २००५ मध्ये संपुष्टात आली. तरीही सन टीव्हीला निव्वळ पक्षाचे मुखपत्र ठरवणे चूक होईल. पक्षाचे मुखपत्र कार्यकर्ते वाचतात. सन टीव्ही अण्णाद्रमुकच्या मतदारांच्या घरांतही मालिकांसाठी लागत असे. तिच्या राजकीय ताकदीचे मूळ याच बिगरराजकीय सवयीत होते. साडेसातची मालिका पाहायला बसलेल्या माणसाला आठच्या बातम्या वेगळ्या लावाव्या लागत नाहीत.

२००६ या एका वर्षात या कथेचे सारे धागे एकत्र येतात. जानेवारीत जयललिता सरकारने खासगी केबलजाळे ताब्यात घेण्याचे विधेयक विधानसभेत संमत करून घेतले. त्याचा रोख कोणावर आहे हे सांगण्याची आवश्यकता नव्हती. राज्यपाल सुरजितसिंग बर्नाला यांनी ते राष्ट्रपतींकडे पाठवले आणि ते कधीच अमलात आले नाही. एप्रिलमध्ये सन टीव्हीने शेअर बाजारात प्रवेश केला. ८७५ रुपयांना एक समभाग देऊन कंपनीने सुमारे ६०० कोटी रुपये उभारले. तोवर कन्नड भाषेत उदया, तेलुगूत जेमिनी आणि मल्याळममध्ये सूर्या अशा वाहिन्या समूहाच्या छत्राखाली होत्या. मे महिन्यात द्रमुक सत्तेवर आला, तोही घरोघरी मोफत रंगीत दूरचित्रवाणी संच देण्याच्या आश्वासनावर. पुढील पाच वर्षांत १४ इंची दीड कोटींहून अधिक संच वाटले गेले. संच सरकारी खर्चाने फुकट; पण त्याला जोडायची केबल फुकट नव्हती. कलानिधींचे धाकटे बंधू दयानिधी मारन हे तेव्हा केंद्रात दळणवळणमंत्री होते. वडील चालवत असलेला राजकीय वारसा त्यांच्याकडे आणि व्यवसाय थोरल्याकडे, अशी घरातली वाटणी.

सारे इतके जुळून आलेले असताना वर्षभरात घर फुटले. ९ मे २००७ रोजी समूहाच्या 'दिनकरन' या दैनिकाने करुणानिधींचा वारस कोण असावा याविषयीचे सर्वेक्षण छापले. त्यात एम. के. स्टॅलिन फार पुढे आणि थोरले बंधू अळगिरी फार मागे होते. त्याच दिवशी मदुराईतील 'दिनकरन'च्या कार्यालयावर जमावाने हल्ला करून आग लावली. दोन संगणक अभियंते आणि एक सुरक्षारक्षक मरण पावले. नेत्यांच्या घरातील भांडणाशी त्या तिघांचा काडीचाही संबंध नव्हता. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना सोडले. मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने २०१९ मध्ये नऊ जणांना जन्मठेप दिली. खटल्याला बारा वर्षे लागली, घरातल्या भांडणाचा निकाल मात्र बारा दिवसही लांबला नाही. दयानिधींना मंत्रिपद सोडावे लागले आणि सप्टेंबरमध्ये 'कलैग्नार टीव्ही' ही करुणानिधींच्या नावाची नवी वाहिनी सुरू झाली. त्याच वर्षी राज्य सरकारने 'अरसु केबल' हे सरकारी केबल महामंडळ स्थापन केले. अरसु म्हणजे सरकार. जयललितांना जे विधेयकाने साधले नाही, ते करायला आता करुणानिधींचे सरकार निघाले होते! डिसेंबर २००८ मध्ये दोन्ही घरांत समेट झाला आणि अरसु केबलचा उत्साहही मावळला.

ती खऱ्या अर्थाने जागी झाली २०११ मध्ये. जयललितांनी सत्तेवर येताच ७० रुपयांत महिनाभर केबल अशी योजना जाहीर केली आणि केबलवाले सरकारी जाळ्याकडे वळले. ग्राहकाचा त्यात निश्चित फायदा झाला. पण ट्रायने २००८ आणि पुन्हा २०१२ मध्ये शिफारस केली होती, की राज्य सरकारांनी वितरणाच्या व्यवसायात उतरू नये. कारण उघड आहे. खासगी मालकाच्या हातातील तार धोक्याची असेल, तर मुख्यमंत्र्यांच्या हातातील तार निर्धोक कशी? कोणती वाहिनी दिसावी हे आधी एका कुटुंबाच्या मर्जीवर होते, ते आता मंत्रालयाच्या मर्जीवर आले, एवढाच फरक झाला. माध्यमांच्या एकत्रित मालकीवर मर्यादा घालण्याच्या शिफारशीही ट्रायने २००९ आणि २०१४ मध्ये केल्या. त्यांचा कायदा झालेला नाही.

महाराष्ट्रात असे काही का घडले नाही? मराठी प्रेक्षक हिंदी सहज पाहतो, त्यामुळे त्याच्यापर्यंत हिंदी वाहिन्यांतूनच पोहोचता येते, असा जाहिरातदारांचा दीर्घकाळ समज होता. धारावीत, माटुंग्यात, चेंबूरमध्ये तमिळ कुटुंबे सन टीव्ही लावत होती, तेव्हा शेजारच्या मराठी घरात हिंदी मालिका चाले. मराठी खासगी वाहिन्यांनी मूळ धरले, ते बाहेरच्या समूहांच्या आधाराने. १९९९ मध्ये झी समूहाची अल्फा मराठी आणि २००० मध्ये हैदराबादच्या रामोजी राव यांची ईटीव्ही मराठी. त्यामुळे मराठी वाहिनीची धोरणे मुंबईबाहेरच्या हिशेबांवरही ठरली, हे खरे. पण एकाच राजकीय घराने पडदा आणि तार दोन्ही धरून ठेवण्याची वेळही मराठी प्रेक्षकावर आली नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सन समूहाने 'सन मराठी' सुरू केली, ती येथील गर्दीत एक आणखी वाहिनी म्हणून. चेन्नईतील केबलचे बळ इथे तिच्या पाठीशी नव्हते.

चेन्नईतही ते बळ पूर्वीचे उरलेले नाही. डिजिटल केबल आणि डीटीएच आल्यावर जागेची टंचाई संपली. पहिला क्रमांक आणि शंभरावा क्रमांक सारखेच स्वच्छ दिसू लागले. विजय टीव्हीने स्पर्धांच्या कार्यक्रमांनी आणि २०१७ पासून 'बिग बॉस'ने शहरी तरुण प्रेक्षक खेचला, २००८ मध्ये आलेल्या झी तमिळने मालिकांमध्ये वाटा मागितला. सन समूहाने चित्रपटनिर्मिती, डीटीएच, क्रिकेट संघ आणि २०१७ मध्ये 'सन नेक्स्ट' हे ॲप अशा दिशांना हात पसरले. जून २०२५ मध्ये दयानिधी मारन यांनी बंधूंना कायदेशीर नोटीस पाठवून २००३ मधील समभाग वाटपावर आक्षेप घेतल्याचे उघड झाले. कंपनीने आरोप फेटाळत, ही बावीस वर्षांपूर्वीची कौटुंबिक बाब असल्याचे शेअर बाजाराला कळवले.

सन टीव्हीचा जवळचा प्रतिस्पर्धी असलेली विजय टीव्ही नोव्हेंबर २०२४ पासून जिओस्टार या कंपनीची झाली आहे. तिचे नियंत्रण रिलायन्सकडे आहे आणि ज्या मोबाइल जाळ्यावरून तमिळ तरुण आज मालिका पाहतो, त्यांतील देशातले सर्वात मोठे जाळेही रिलायन्सचेच आहे.